कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमची निवड चाचणी: नोटीस लागली तिथपासून यादी लागेपर्यंत

मी अमळनेरला बारावी सायन्सला आहे. गाव चोपडा रोडला, रोज एसटीने जाणं-येणं. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमसाठी निवड चाचणी दिली. चाचणीआधी मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो एकाच गोष्टीचा: तिथे नेमकं काय करायला लावतात हेच ठाऊक नव्हतं. खेळाचे नियम कुठेही मिळतात. पण सकाळी मैदानात गेल्यावर आधी काय होतं, सर वहीत काय लिहितात, कागद कुठले लागतात, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्या मुली आधीपासून टीममध्ये होत्या त्यांच्याकडे जाऊन विचारायला जीभ रेटत नव्हती. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आठवीपर्यंत मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. तिथे मुली खो-खो आणि लंगडी खेळायच्या. व्हॉलीबॉल शिकले ती मामाकडे, शिरपूरला, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मामेभावांबरोबर. अकरावीत चाचणी झाली तेव्हा मी वाचनालयाच्या व्हरांड्यात उभी राहून पाहत होते. यंदा बारावी, म्हणजे कॉलेजच्या टीममधून खेळायचं तर हे शेवटचं वर्ष.

सोमवारी, 21 जुलैला जिमखान्याच्या फलकावर नोटीस लागली. 19 वर्षांखालील मुली, व्हॉलीबॉल, निवड चाचणी 5 ऑगस्ट, सकाळी साडेसहा. नाव देण्याची शेवटची तारीख 31 जुलै. खाली कागदांची यादी: पालकांचं संमतीपत्र, जन्मदाखला, आधार, दहावीची गुणपत्रिका, पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा आणि दोन फोटो. नोटीस वाचूनच माझे तळहात ओले झाले. नोटीसचा फोटो काढला आणि बस पकडली.

पहिली अडचण संमतीपत्राची. पप्पा नाही म्हणाले. रागावून नाही, पण नाहीच. बारावीचं वर्ष आहे, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, तू सकाळी मैदानात आणि संध्याकाळी दमून झोपणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी कपाशीच्या निंदणीवरून ते घरी आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा वहीचं एक पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यावर माझा दिवस मांडला होता: किती वाजता उठणार, सराव कधी, फिजिक्स कधी, बस कितीची. शालेय स्पर्धांत ठरावीक स्तरापर्यंत खेळलं की बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात हेही सांगितलं. पण ते पुढे पोचलं तरच, हेही सांगितलं. पप्पांनी पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, घटक चाचणीचे मार्क उतरले तर बंद. सही मिळाली. घरून विरोध असेल तर तोंडी बोलण्यापेक्षा कागदावर मांडून दाखवा, असं मी सांगेन. आपल्याकडे आई-बाबांना भीती खेळाची नसते, अभ्यासाची आणि घरी उशिरा येण्याची असते.

दुसरी अडचण जन्मदाखला. बहुतेकींचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, माझ्या आईचंही तसंच झालं. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथेच असते, राहत्या गावी नसते. त्यामुळे गावच्या ग्रामपंचायतीत विचारून उपयोग नाही. आई आणि मी शनिवारी शिरपूरला गेलो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून फार खर्च आला नाही. मामाने आधीच नगरपरिषदेत जाऊन जन्मतारीख आणि दवाखान्याचं नाव देऊन ठेवलं होतं, ते बरं झालं. अर्ज भरला, 20 रुपये भरले, दाखला मिळाला. तिथेच उभं राहून आपलं नाव, वडिलांचं नाव आणि तारीख आधारशी ताडून बघा. एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तेव्हा तेवढा वेळ नसतो.

जनरल रजिस्टरचा उतारा गावच्या शाळेतून आणला. मुख्याध्यापकांना साधा अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्यानिशी मिळाला. पैसे लागले नाहीत. हा कागद वयाची खात्री करायला घेतात. 2025-26 च्या हंगामात 19 वर्षांखालच्या गटाला 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्या. पुढे निवड झाल्यावर त्या पुन्हा मागितल्या गेल्या.

30 जुलैला नाव दिलं. जिमखान्यातल्या सरांनी कागद चाळले आणि विचारलं, "कुठल्या जागेवर खेळतेस?" मामाकडे जागा वगैरे ठरलेल्या नसायच्या, जो असेल त्याने मारायचा. मी म्हटलं, "सर, मागे खेळते, सर्व्हिस बरी आहे." हा प्रश्न येतोच. स्मॅशर (नेटवरून जोरात मारणारी), बूस्टर (तिच्यासाठी चेंडू वर उचलून देणारी) किंवा मागची खेळाडू, यांपैकी आपण काय ते मनाशी ठरवूनच जा.

सरावाचं सांगते. आमच्या खळ्यात निंबाचं झाड आहे आणि समोर गुरांच्या गोठ्याचा लोखंडी खांब. त्या दोघांमध्ये दोरी बांधली. मुलींच्या नेटची उंची 2.24 मीटर. पप्पांनीच शेताची टेप आणून मोजली आणि दोरीला आईच्या जुन्या साडीच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे चेंडू वरून गेला की खालून ते कळेल. मैदान 18 मीटर लांब, म्हणजे मागच्या रेषेपासून नेट 9 मीटर. खळ्यात तेवढी जागा भरत नव्हती, तर मी खळ्याचं दार उघडून गल्लीतून सर्व्हिस मारायची. गावातली पोरं शाळेमागे शूटिंगबॉल खेळतात, ते मैदान मोकळं होतं. पण तिथे संध्याकाळी एकटीने जायला मला संकोच वाटायचा, आणि घरच्यांनाही ते रुचलं नसतं. चेंडू मामेभावाचा, जुना निव्हिया, कातडं घासून गुळगुळीत झालेलं.

पहिल्या आठवड्यात मनगटाच्या वर आतल्या बाजूला लाल चट्टे उठले. बारीक बारीक ठिपके, जवळून पाहिलं तर सुईने टोचल्यासारखे. हाताच्या मऊ बाजूला चेंडू लागून लागून हे होतं आणि चार-पाच दिवसांत जातं. चेंडू मनगटावर नाही, त्याच्या थोडा वर, दोन्ही हात जोडून जो सपाट भाग होतो तिथे घ्यायचा. कोपरं वाकू द्यायची नाहीत, हात वर फेकायचे नाहीत, गुडघ्यांतून उठायचं. हे मामेभावाने फोनवर व्हिडिओ बघून सांगितलं. मी फोन खाटेवर उभा करून रोज एक छोटा व्हिडिओ काढायची आणि त्याला पाठवायची. शिकवणारं जवळ नसेल तर हा उपाय खरंच चांगला आहे. आपण गुडघे वाकवतोय असं आपल्याला वाटतं, व्हिडिओत मात्र पाय काठीसारखे सरळ दिसतात.

सर्व्हिसवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि त्यामागे कारण होतं. व्हॉलीबॉलमध्ये बाकी सगळं दुसऱ्यावर अवलंबून असतं. पास चांगला आला तर बूस्टिंग होणार, बूस्टिंग झालं तर स्मॅश होणार. सर्व्हिस तेवढी एकटीची. चेंडू आपल्या हातात, आपल्या वेळेने उडवायचा. नवख्या मुलीला निवड चाचणीत दाखवण्यासारखं हेच आहे. नियमाप्रमाणे शिट्टी झाल्यावर 8 सेकंदांच्या आत सर्व्हिस मारायची असते. घाबरलेल्या माणसाला हे 8 सेकंद दिसत नाहीत, शिट्टी वाजली की तो लगेच मारून मोकळा होतो. मी ते सेकंद वाटून घेतले: चेंडू जमिनीवर दोनदा आपटायचा, समोरच्या मैदानातली एक जागा बघायची, तोंडाने लांब श्वास सोडायचा, मग उडवायचा. खळ्यातही प्रत्येक सर्व्हिसला हेच, एकही सर्व्हिस त्याशिवाय नाही.

खरेदी अमळनेरलाच केली. बूट 850 रुपये, नी कॅपची जोडी 280, ट्रॅक पँट 350. बूट चाचणीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. माझ्या टाचेला दोन दिवस फोड होता आणि तो सरावात येऊन गेला म्हणून बरं.

रविवारी, 3 ऑगस्टला घरी कानबाई बसली, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. पुण्याहून काका, नाशिकहून आत्या, सगळी भाऊबंदकी घरात. दोन दिवस रोट, खीर आणि पाहुणे. दोरी सोडून खळ्यात चूल मांडलेली. सराव बंद आणि चाचणी मंगळवारी. रविवारी रात्री मला झोप आली नाही. सोमवारी कानबाईच्या मिरवणुकीत आत्याने मला ओढलं आणि मी गावाच्या मुख्य रस्त्यावर, सगळ्यांदेखत, तासभर नाचले. पाराजवळ शाळेतले जुने सर उभे होते, आमच्या वर्गातली पोरं उभी होती. जरासुद्धा लाज वाटली नाही. नंतर पाय शेकत बसले तेव्हा हे लक्षात आलं आणि मला त्याचं नवल वाटलं. माणसं बघतात म्हणून मला भीती वाटत नव्हती तर. कुणीतरी वहीत मोजणार, त्याची भीती होती. मग मोजतात तरी काय, ते आधी विचारून घ्यायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला की क्रीडाशिक्षकांची तालुका स्पर्धांच्या नियोजनाची बैठक असल्याने चाचणी एक आठवडा पुढे, 12 आणि 13 ऑगस्टला. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच पुन्हा पोटात कालवाकालव सुरू झाली. आता आणखी आठ दिवस तेच.

बुधवारी कॉलेजला गेल्यावर धीर करून टीममधल्या एका दीदीला गाठलं. ती गेल्या वर्षी विभागापर्यंत खेळून आलेली. आपला जळगाव जिल्हा, धुळे आणि नंदुरबार हे नाशिक विभागात येतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या असतात. दीदीने कँटीनमध्ये बसवून सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी धावणं, उडी, सर्व्हिस. दुसऱ्या दिवशी रिसेप्शन म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस घेणं, मग बूस्टिंग आणि सामना. मग ती म्हणाली, "सर चेंडू पडल्यावर कोण काय करतं ते बघतात. आणि तोंड बंद ठेवून खेळणारी मुलगी त्यांना चालत नाही. 'माझा' म्हणून ओरडायचं." या एका बोलण्यानंतर मला जेवण जायला लागलं. भीती गेली नव्हती, पण आता तिला कडा आल्या होत्या.

'माझा' म्हणून ओरडणं मला सर्व्हिसपेक्षा अवघड होतं. आमच्याकडे मुलीने मोठ्याने बोललेलं कुणाला फारसं आवडत नाही, आणि घरात सवयच नसते. त्या आठवड्यात खळ्यात भिंतीवर चेंडू मारून परत घेताना दर वेळी ओरडायचं ठरवलं. पहिल्या दिवशी आवाज घशातच अडकला. शेजारच्या काकू डोकावून विचारून गेल्या, काय झालं म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत आवाज फुटायला लागला.

जीवशास्त्रात याच सुमारास हार्मोन्सचं वाचत होते. भीती वाटली की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीतून अ‍ॅड्रेनलीन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, हात गार पडतात ते यामुळेच. म्हणजे शरीर धावायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि खेळायला हीच तयारी लागते. मला हे वाचून खूप बरं वाटलं. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके थोडे उतरतात, हेही करून पाहिलं; चार आकड्यांत आत, सहा-सात आकड्यांत बाहेर. बसमध्ये बसल्या बसल्या करता येतं, कुणाला कळतही नाही.

चाचणी साडेसहाला आणि गावाहून पहिली बस पोचते सात वाजून गेल्यावर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण पास असला तरी बस तिच्याच वेळेला येते. म्हणून 11 तारखेला कॉलेज सुटल्यावर अमळनेरलाच मावशीकडे राहिले. मावशीने कौतुकाने शेवभाजीचा बेत केला होता. तिला सांगून वरण-भात जेवले. शेवभाजीचा तिखट रस्सा आणि सकाळी धावणं हे जमणार नव्हतं. रात्री आजीचा फोन आला. आजी घरात अहिराणीच बोलते. म्हणाली, "इतली कसाले घाबरस? जाय, खेळी ये." दहाला दिवा बंद केला. झोप उशिरा लागली, पण पडून राहिले. आदल्या रात्री झोप नीट नाही झाली तरी दुसऱ्या दिवशी खेळता येतं, त्याचं दडपण घेऊ नका.

12 तारखेला सकाळी दोन केळी आणि अर्धा ग्लास दूध. मैदानावर तीस-पस्तीस मुली होत्या. लाल मुरमाचं मैदान, फक्कीच्या म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या रेषा नुकत्याच मारलेल्या. मॅडमनी प्रत्येकीला कागदावर लिहिलेला नंबर आणि दोन सेफ्टी पिना दिल्या. माझा 23. पीन लावताना बोटं इतकी थरथरत होती की शेजारच्या मुलीने लावून दिली, मी तिची लावून दिली. तिचीही बोटं थरथरत होती. ती कळमसऱ्याकडची, तीही पहिल्यांदाच आलेली. आम्ही दोघी दिवसभर बरोबर राहिलो. एकट्याच गेला असाल तर आपल्यासारखीच एखादी शोधा, सापडते.

आधी मैदानाला फेऱ्या, मग दोन रेषांमध्ये पळून चेंडू उचलून आणणं. मग उडी. भिंतीजवळ उभं राहून बोटाला खडूची भुकटी लावायची, टाचा न उचलता हात पोचेल तिथे खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन्हींतलं अंतर सर टेपने मोजून वहीत लिहितात. उंची कमी असेल म्हणून खचू नका, मोजतात ते अंतर.

सर्व्हिसला नंबरवारीने दहा-दहा चेंडू. माझी पाळी येईपर्यंत ऊन चढलं होतं, दमट उकाडा, ट्रॅक पँट पायाला चिकटत होती. कंपाउंडच्या भिंतीवर काही मुलं येऊन बसली होती. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि भिंतीवरून हसू ऐकू आलं. चेंडू हातात आला. दोनदा आपटला. समोर डाव्या कोपऱ्यात फक्की जरा जास्त पडून पांढरा गोळा झाला होता, त्याच्याकडे बघितलं. श्वास सोडला. उडवला. तो गेला. पुढच्या प्रत्येक वेळेला मी तो पांढरा गोळाच बघितला. निम्म्याहून जास्त गेल्या. त्या मुलांचं नंतर काय झालं, ती हसली की उठून गेली, मला माहीत नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही.

13 तारखेला सकाळी उठले तर पाळी आलेली. तारीख चार दिवस पुढे होती. आधी रडूच आलं. मावशीने गरम पाणी दिलं, कंबर शेकली. मैदानावर जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "खेळतेस ना?" आणि खोलीची किल्ली दाखवून ठेवली, लागली तर घे म्हणून. पिशवीत पॅड, जादा कपडे आणि गडद रंगाची पँट ठेवाच, तारीख लांब असली तरीही. आणि मॅडम असतील तर संकोच न करता सांगा.

रिसेप्शन बरं झालं, बूस्टिंग साधारण. बोटांनी चेंडू उचलणं मला अजून नीट येत नाही. मग सहा-सहाचे सामने. अनोळखी मुलींबरोबर एका बाजूला उभं राहिल्यावर कोण कुठला चेंडू घेणार हेच ठरत नव्हतं. दोघींच्या मध्ये एक चेंडू पडला, दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढचा चेंडू तसाच मध्ये आला आणि माझ्या तोंडून "माझा!" इतक्या जोरात निघालं की बाजूची मुलगी दचकून मागे सरली. पास बूस्टरच्या डोक्यावर गेला. तिथून पुढे आमच्या सहाही जणी ओरडायला लागल्या. सामना आम्ही हरलो. सर शिट्टी तोंडात धरून वहीत लिहीत होते.

यादी 14 तारखेला दुपारी लागली. मधला वेळ कसा गेला विचारू नका, केमिस्ट्रीच्या तासाला लक्ष जिमखान्याच्या फलकाकडे. बारा नावं होती आणि माझं अकरावं. कळमसऱ्याच्या मैत्रिणीचं नाव नव्हतं. तिच्यासमोर आनंद दाखवायला मन होईना, आणि लपवणंही खोटं वाटत होतं. तीच म्हणाली, "चाल, आधी पाणी पिऊ." सर नंतर सगळ्यांना म्हणाले की ज्यांचं नाव नाही त्यांनीही सरावाला यायचं, कुणी जखमी झालं किंवा कागदात अडकलं तर नाव बदलावं लागतं. ती रोज येते. तिचं बूस्टिंग आता माझ्यापेक्षा चांगलं आहे.

निवड झाल्यावर कागदांची दुसरी फेरी असते. कॉलेज खेळाडूंची नावं ऑनलाइन भरतं, त्यासाठी फोटो आणि जन्मदाखल्याची स्पष्ट प्रत लागते. मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो परत येतो. मग प्रत्येकीचं खेळाडू ओळखपत्र बनतं. एकूण खर्च शिरपूरचं जाणं-येणं आणि झेरॉक्स-फोटो धरून पावणेदोन हजारांच्या आसपास गेला. सराव सकाळी असतो, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी मावशीकडे राहते. घटक चाचणीचे मार्क उतरले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर सगळ्यात आधी ओळखपत्रं तपासतात. त्यावर फोटोवरून शिक्का आणि प्राचार्यांची सही दोन्ही असावं लागतं. आमच्यात एकीच्या कार्डावर शिक्का होता, सही नव्हती. आदल्या दिवशी दीदीने सगळी कार्डं टेबलावर मांडून तपासली म्हणून ते सापडलं. तुमच्या टीममध्ये हे काम कुणाकडे नसेल तर आपल्याकडे घ्या.